ओबडधोबड शब्दांची वंशावळ

इंग्रजीत गुळगुळीत वस्तूंसाठी विशेषणं किती? स्मूद, स्लीक, ईव्हन, पॉलिश्ड. डोकं खाजवलं तर अजून दोन-चार. आता खडबडीत वस्तूंची यादी करू. रफ, रगेड, रॅगेड, जॅगेड, शॅगी, क्रॅगी, कोर्स, क्रूड, रूड, हार्श, बंपी, लंपी, अनईव्हन, इरेग्युलर, अनॉमलस... ही यादी संपतच नाही. मराठीतही तीच तऱ्हा. खडबडीत, खरखरीत, ओबडधोबड, वेडंवाकडं, उंचसखल, राठ, राकट, रांगडं, जाडंभरडं. गुळगुळीत वस्तूबद्दल बोलायला फारसं काही उरत नाही, खडबडीत वस्तू मात्र प्रत्येक वेळी वेगळी लागते, म्हणून असेल कदाचित.

माझं पोटापाण्याचं काम प्रोग्रामिंगचं. शब्दांच्या मागे लागणं हा शनिवार-रविवारचा उद्योग. या यादीतल्या शब्दांचे जन्मदाखले काढत बसलो तेव्हा एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. हे सगळे शब्द दोन घराण्यांतले आहेत. पहिलं घराणं हाताचं. वस्तूवरून हात फिरवला, काय लागलं ते सांगितलं. रफ, शॅगी, रगेड हे त्यातले. दुसरं घराणं पट्टीचं. आधी एक सरळ पट्टी ठेवली, आणि वस्तू तिला जुळत नाही एवढंच नोंदवलं. अनईव्हन, इरेग्युलर, अनॉमलस हे त्यातले. या शब्दांच्या सुरुवातीलाच नकार बसलाय बघा. वस्तू कशी आहे हे ते सांगत नाहीत, कशी नाही ते सांगतात.

आणि हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. हे शब्द वस्तूंवरून माणसांकडे वळले की कुणाची शाळा कोणती, कुणाची नोकरी कोणती आणि कुणाच्या धान्याला काय मान, हेसुद्धा त्यांच्यावर ठरायला लागतं. पण ते पुढे.

* * *

आधी हाताचं घराणं. यातला मूळपुरुष 'रफ'. आपल्याकडे 'रफ वही'मुळे हा शब्द पहिलीपासून ओळखीचा. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप साधारण 'रूह' असं होतं आणि शेवटचा उच्चार घसा खाकरल्यासारखा. अर्थ होता केसाळ, न कातरलेलं. जनावराचं कातडं केसासकट असेल तर ते 'रूह'. मग तोच शब्द न नांगरलेल्या जमिनीला लागला, आणि मग कुठल्याही खरखरीत वस्तूला. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं आपल्या 'रूक्ष'शी जोडतात.

तो घशातला उच्चार लिहायला लेखनिकांनी 'जी' आणि 'एच' ही अक्षरं जोडून वापरली. पुढे उच्चार बदलला, अक्षरं मात्र तिथेच राहिली. काही शब्दांत त्या उच्चाराचा 'फ' झाला, म्हणून रफ, टफ, कफ. काही शब्दांत तो साफ गळून गेला, म्हणून दो, थ्रू, बाउ. स्पेलिंगची शेपूट मात्र सगळ्यांची एकच. ज्या शब्दाचा अर्थच 'खडबडीत', त्याचं स्पेलिंगही असं की शाळेतल्या पोरांना ठेच लागावी!

'रगेड' आणि 'रॅगेड' हे भाऊभाऊ, आणि ते बोटीतून आलेले. इसवी सन ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली. पुढच्या दोन-अडीच शतकांत हे लोक नुसते लुटून परत गेले नाहीत, उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये जमिनी घेऊन राहिले. त्यांच्या भाषेत लोकरीच्या किंवा केसांच्या झुपक्याला 'रॉग'सारखा एक शब्द होता. त्यातून 'रॅगेड' आला, म्हणजे आधी झुपकेदार आणि मग फाटकातुटका. 'रगेड'ही त्याच कुळातला. आणि आपण सोफ्यासमोर अंथरतो तो 'रग'सुद्धा त्यांचाच चुलतभाऊ. 'शॅगी' जुन्या इंग्रजीतला, तोही केसांवरून. 'जॅगेड' म्हणजे कापड मुद्दाम कातरून कडा दातेरी केलेलं. मध्ययुगात कपड्यांच्या कडा अशा कातरायची फॅशन होती.

सगळीकडे लोकर, केस आणि कापड का? कारण इंग्लंड लोकरीवर जगत होतं. मध्ययुगात त्या देशाची खरी संपत्ती म्हणजे मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर. लॉर्ड्सच्या सभागृहाचे अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या तांबड्या बैठकीवर बसतात. चौदाव्या शतकात सुरू झालेली ही प्रथा देशाचं वैभव कशात आहे याची आठवण म्हणून पडली. ज्यांचा दिवस लोकर पिंजण्यात आणि चाचपण्यात जातो, त्यांच्याकडे तिच्या राठपणासाठी दहा शब्द असणारच. आपल्याकडे बारीक रव्यापासून भरडीपर्यंत दळणाला जसे शब्द आहेत, तसंच हे.

* * *

आता 'कोर्स'. हा शब्द मला यादीत सगळ्यात जास्त आवडतो, कारण देवनागरीत लिहिला की त्याचं गुपित आपोआप उघड होतं. कॉम्प्युटरचा कोर्स, जेवणातला कोर्स आणि जाड्याभरड्या कापडाचा 'कोर्स', आपण सगळे सारखेच लिहितो. इंग्रजीत आज दोन स्पेलिंगं आहेत, पण शब्द बहुधा मुळात एकच. 'कोर्स' म्हणजे नेहमीचा क्रम, सरधोपट वाट. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला नेहमीच्या वापराच्या कापडाला, म्हणजे जे काही खास नाही अशा कापडाला, हे विशेषण लागलं. वेगळं स्पेलिंग सोळाव्या शतकाच्या अखेरीला रुळलं.

म्हणजे 'कोर्स'चा पहिला अर्थ खरखरीत नव्हताच, 'साधं' एवढाच होता. पण साधं कापड घालणारे लोक गरीब. गरिबांचं कापड राठ. आणि राठ कापड घालणाऱ्यांची भाषाही राठच असणार, असं मलमलवाल्यांनी ठरवलं. हा प्रवास फार झटपट झाला. शंभरेक वर्षांत 'कोर्स' म्हणजे असभ्य, अशिष्ट हा अर्थ स्थिरावला होता.

'रूड'ची कथा अशीच. लॅटिनमध्ये 'रूडिस' म्हणजे न घडवलेलं, खाणीतून काढलं तसंच राहिलेलं. दगडाला, लाकडाला लावायचा शब्द. ज्याच्यातला हा कच्चेपणा शिक्षणाने काढून टाकला तो 'एरुडाइट', म्हणजे विद्वान. याच्या उलट बाजूला 'पोलाइट' बसलाय. त्याचा मूळ अर्थ पॉलिश केलेलं! म्हणजे इंग्रजीतला सभ्य माणूस हा शब्दशः घासूनपुसून गुळगुळीत केलेला माणूस, आणि उद्धट माणूस म्हणजे कुणी छिन्नी न लावलेला दगड. आपणही 'घडलेला माणूस' म्हणतोच की.

'क्रूड'ने तर आपल्या घरातलंच नातं काढलंय. लॅटिन 'क्रूडुस' म्हणजे कच्चं, रक्ताळलेलं मांस. त्याच धातूपासून इंग्रजी 'क्रूएल', आणि संस्कृतातला 'क्रूर'सुद्धा. क्रूड ऑइलमधला क्रूड आणि क्रूरकर्म्यातला क्रूर हे सख्खे चुलत भाऊ आहेत, हे कळल्यापासून तेलाच्या दराच्या बातम्या मी जरा वेगळ्या नजरेने वाचतो.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अगदी गरीब मुलांसाठी फुकट शाळा निघाल्या. त्यांना नाव काय मिळालं? 'रॅगेड स्कूल'. १८४४ मध्ये त्यांची 'रॅगेड स्कूल युनियन' झाली. काम मोलाचं होतं, हजारो मुलं तिथे अक्षरं शिकली. पण शाळेचं नाव मुलाच्या सदऱ्यावरून पडलेलं. व्हायकिंगांच्या मेंढीचा झुपका हजार वर्षं फिरत फिरत एका पोराच्या दाखल्यावर येऊन बसला.

* * *

आता पट्टीचं घराणं. 'इरेग्युलर'मधला 'रेग्युला' म्हणजे लॅटिनमध्ये खरोखरची सरळ काठी, सुताराची पट्टी. आपला 'ऋजु' म्हणजे सरळ, तो याच मुळाचा. काठीवरून अर्थ झाला नियम. मठाच्या नियमाने राहणारे ते 'रेग्युलर' धर्मगुरू, आणि नियमात न बसणारा तो 'इरेग्युलर'. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो असा चर्चच्या दारातून. अमुक दोष असलेल्या माणसाला धर्मगुरूची दीक्षा मिळणार नाही, अशा अर्थाने. ओबडधोबड पृष्ठभागाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. तो निवाडा होता.

'अनॉमलस' ग्रीक. 'होमालोस' म्हणजे सपाट, सारखं. त्यातला 'होमोस' म्हणजेच आपला 'सम'. सम नाही ते अनॉमलस. आपण 'विषम' म्हणतो ते शब्दाच्या बांधणीनेही तेच. ग्रीक खगोलवाल्यांना ग्रह आकाशात एकसारख्या वेगाने चालताना दिसेनात, म्हणून त्या चालीला त्यांनी 'अनॉमली' म्हटलं. पुढे केप्लरने १६०९ मध्ये दाखवून दिलं की ग्रह लंबवर्तुळात फिरतो, सूर्याजवळ आला की वेग वाढतो, लांब गेला की कमी होतो, आणि यालाही नेमका नियम आहे. म्हणजे अनियमितपणा गेला. शब्द मात्र राहिला! आजही उपग्रहाच्या कक्षेचं गणित मांडणाऱ्या प्रोग्राममध्ये 'ट्रू अनॉमली' आणि 'मीन अनॉमली' नावाचे व्हेरिएबल असतात. त्यात विचित्र काहीही नसतं, तो साधा कोन असतो.

पट्टीच्या घराण्याची ही खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. पट्टी बदलली तरी शिक्का पुसला जात नाही.

शाळेत पाठ केलेली इंग्रजी क्रियापदं आठवा. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. पुस्तक त्यांना इरेग्युलर म्हणतं आणि मास्तर पाठ करून घेतात. पण जुन्या इंग्रजीत ही क्रियापदं नियमाने चालत होती. काळ बदलला की मधला स्वर ठरलेल्या पद्धतीने बदलायचा, आणि अशा स्वरबदलाचे ठरलेले वर्ग होते. नंतर 'ईडी' लावायची पद्धत सगळीकडे पसरली, नवीन शब्द तिच्याच रांगेत उभे राहिले, जुन्यांपैकीही बरेच तिकडे गेले. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता. जे मागे राहिले ते 'इरेग्युलर'. ज्यांना आपण अपवाद म्हणून घोकलं, त्यातले बरेचसे जुन्या नियमाचे शेवटचे पाईक आहेत. यापरता अन्याय काय?

याच शब्दाचं एक उदाहरण थेट पुण्यातलं आहे. १८१७ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाला कंपनीशी तह करावा लागला, आणि त्या तहातून पेशव्यांच्या खर्चाने कंपनीच्या दिमतीला एक घोडदळ उभं राहिलं. आजच्या भारतीय सैन्यातल्या 'पूना हॉर्स'चा उगम तो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या पथकाचं नाव होतं 'पूना इरेग्युलर हॉर्स'. इरेग्युलर का? शिस्त नव्हती म्हणून? नाही. स्वाराचा घोडा आणि हत्यार सरकारी नसून त्याचं स्वतःचं होतं म्हणून. आपल्या भाषेत तो शिलेदार. मराठी फौजेत सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःच्या घोड्यावरचा तो शिलेदार, आणि शिलेदाराचा मान बारगिरापेक्षा जास्त. तोच शिलेदार कंपनीच्या वहीत गेला आणि 'अनियमित' झाला. पट्टी लंडनची होती, दुसरं काय होणार?

गंमत पुढे आहे. १८५७ नंतर फौजेची फेररचना झाली तेव्हा बंगाल आणि मुंबईच्या देशी घोडदळासाठी ही शिलेदारी पद्धतच सरसकट लागू करण्यात आली, आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. म्हणजे 'इरेग्युलर' हाच तिथला नियम झाला.

* * *

इतका वेळ खडबडीतपणा हा कमीपणा होता. तो तसा राहिला नाही, याची सुरुवात काचेपासून झाली.

ॲरिस्टॉटलच्या परंपरेत आकाशातले गोल निर्दोष आणि गुळगुळीत मानलेले. खडबडीतपणा पृथ्वीचा, खालच्यांचा. १६०९ च्या उन्हाळ्यात थॉमस हॅरियटने इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं. १६१० च्या मार्चमध्ये गॅलिलिओचं पुस्तक आलं, त्यात चंद्रावर डोंगर आणि खड्डे आहेत हे सावल्यांच्या आधाराने मांडलेलं होतं. पण त्याच्या महिनाभर आधी, हॅरियटचा मित्र विल्यम लोअर याने वेल्समधून त्याला एक पत्र लिहिलं. दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र कसा दिसतो? तर गेल्या आठवड्यात आमच्या आचाऱ्याने केलेल्या टार्टसारखा, कुठे उजळ रेघ, कुठे काळसर, सगळा गोंधळ. मला हे पत्र फार आवडतं. समोर कुणीच न पाहिलेली गोष्ट आहे, इरेग्युलर म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या गृहस्थाने स्वयंपाकघरात जाऊन उपमा शोधून आणली. हे हाताचं घराणं!

मग १६६५ मध्ये रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने पहिल्यांदा काय ठेवलं? सुईचं टोक आणि नंतर वस्तऱ्याची धार. माणसाने केलेल्या सगळ्यात टोकदार आणि सगळ्यात धारदार वस्तू. काचेखाली दोन्ही बोथट, खाचखळग्यांच्या. वर चंद्र खडबडीत निघाला आणि खाली सुई. गुळगुळीतपणा म्हणजे आपण पुरेसं जवळून न पाहणं, असा सोपा अर्थ यातून निघतो.

तरी अभिरुची बदलायला अजून शंभर वर्षं गेली. १६८१ मध्ये थॉमस बर्नेट नावाच्या धर्मगुरूने लिहिलं की देवाने केलेली मूळ पृथ्वी एकसारखी गुळगुळीत होती, डोंगर म्हणजे महाप्रलयात ती फुटली त्याचा मलबा. १७५७ मध्ये एडमंड बर्कने सौंदर्याच्या लक्षणांत गुळगुळीतपणाला मानाचं पान दिलं. आणि मग आले विल्यम गिल्पिन. १७९२ च्या निबंधांत त्यांनी मांडलं की सुंदर वस्तू आणि चित्रात शोभणारी वस्तू यांत फरक खडबडीतपणाचाच आहे. त्यांनी शब्दही वाटून दिले. पृष्ठभागाचा तो रफनेस, बाह्यरेषेचा तो रगेडनेस. त्याआधी, १७८२ मध्ये टिंटर्नच्या पडक्या मठाबद्दल लिहिताना त्यांची तक्रार होती की त्याच्या भिंतींची त्रिकोणी टोकं फारच नीटनेटकी आहेत, मोगरी जरा हुशारीने चालवली तर बरं दिसेल! लोकरीच्या झुपक्यापासून निघालेला शब्द आता कौतुकाचा झाला होता. पुढे अमेरिकेने 'रगेड'ला कणखर केलं. आज दुकानात 'रगेड' फोन जास्त पैसे देऊन घेतात. आपला 'राकट' याच वाटेने गेलाय.

'बरोक' या शब्दाचं भाग्यही असंच पालटलं, आणि त्याचा एक धागा गोव्यात आहे. पोर्तुगीजमध्ये 'बार्रोको' म्हणजे वेडावाकडा, गोल नसलेला मोती. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचं हिंदुस्थानातल्या औषधी आणि द्रव्यांवरचं पुस्तक छापलं गेलं. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात बेढब मोत्यांसाठी हा शब्द भेटतो. अठराव्या शतकात युरोपात हेच विशेषण नको तितक्या नक्षीदार, तोल सुटलेल्या कलेला शिवीसारखं लागलं. १८८८ मध्ये हाइनरिख वोल्फलिनने त्या काळाच्या कलेचा गंभीर अभ्यास मांडला आणि शिवीची शैली झाली. आज जुन्या गोव्याची चर्चं दाखवताना गाइड 'बरोक' म्हणतो ते अभिमानाने.

* * *

विसाव्या शतकात खडबडीतपणाला शेवटी आकडा मिळाला.

लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्लिश शास्त्रज्ञ देशांच्या सीमांची लांबी तपासत होता. स्पेन आणि पोर्तुगालमधली सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी १२१४! दोघेही खरं बोलत होते. मोजायची काठी जेवढी लहान, तेवढी वळणं जास्त पकडली जातात, आणि लांबी वाढत जाते. रिचर्डसनचं हे काम त्याच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापलं गेलं. बेन्वा मांडेलब्रोने ते उचललं आणि १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा साधा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. उत्तर असं की लांबी नव्हे, खडबडीतपणा मोजा. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती १.२५, दक्षिण आफ्रिकेच्या सरळसोट किनाऱ्याची १.०२. सरळ रेषेची मिती १, सपाट कागदाची २, आणि खाचाखोचांचा किनारा या दोघांच्या मध्ये. १९७५ मध्ये त्याने या आकारांना नाव दिलं 'फ्रॅक्टल'. लॅटिन 'फ्रॅक्टुस' म्हणजे तुटलेलं.

हे आपल्याही दारात आलंय. भारताची किनारपट्टी ७५१६.६ किलोमीटर हा आकडा आपण सगळ्यांनी भूगोलात पाठ केला. तो १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून काढलेला होता. नवीन मोजणी १:२,५०,००० प्रमाणावर झाली आणि केंद्रीय गृहखात्याच्या २०२३-२४ च्या अहवालात तो आकडा ११,०९८.८१ झाला. साडेतीन हजार किलोमीटर वाढले, जमीन मात्र एक इंच नाही. खाड्या तिथेच होत्या, काठी लांब होती.

मांडेलब्रोचं मोठेपण मला नुसत्या गणितात दिसत नाही. त्याच्याआधीचे गणिती अशा आकारांना विकृत, अपवाद म्हणून बाजूला ठेवत होते. त्याने म्हटलं, ढग, डोंगर, किनारे, झाडाची साल हे सगळं असंच आहे, अपवाद तर सरळ रेषा आहे. आणि मग त्याने नकाराचं विशेषण टाकून होकाराचं आणलं. नाव मिळाल्यावर मोजमाप आलं, मोजमाप आल्यावर कॉम्प्युटरवर डोंगर काढता यायला लागले.

* * *

शेवटी परत 'कोर्स'कडे येतो, कारण त्या शब्दाचं आपल्याशी असलेलं खरं देणंघेणं अजून सांगायचंय.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांना सरकारी इंग्रजीत वर्षानुवर्षं 'कोर्स ग्रेन्स' म्हणत आले. गहू-तांदूळ म्हणजे बारीक, उंची धान्य, हे बाकीचे कोर्स. मराठी कागदपत्रांत त्याचं 'भरड धान्य' झालं. आता आपल्या घरात 'भरड' हा शब्द हाताच्या घराण्यातला आहे. जात्यावर जाडसर दळलं की भरड, त्यात कमीपणा काही नाही. पण सरकारी 'भरड' हा जात्यातून आला नाही, 'कोर्स'मधून आला, आणि येताना त्या शब्दाचा पाचशे वर्षांचा सगळा इतिहास घेऊन आला. साधं म्हणून गरिबाचं, गरिबाचं म्हणून हलकं. सोलापूरची मालदांडी ज्वारी आणि कोकणातली नाचणी या खान्यात पडल्या. रेशनच्या दुकानात गहू-तांदळाची पोती आली, आणि पाहुणे आले की भाकरीऐवजी पोळ्या करायची पद्धत घराघरांत पडली. याला एकटा शब्द जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. हमीभाव, खरेदी, सिंचन ही मोठी कारणं आहेतच. पण ज्या धान्याच्या नावातच हलकेपणा आहे, त्याच्यासाठी धोरण आखायला बसणाऱ्याचा हात आधीच आखडलेला असतो.

सरकारलाही हे कळलं असावं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने या धान्यांना अधिकृतपणे 'न्यूट्री सीरियल्स' म्हणायचं ठरवलं, आपल्याकडे 'पौष्टिक तृणधान्य' आलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष त्यांच्या नावे साजरं केलं, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्रीअन्न' म्हटलं गेलं. दाणा तोच. दोनशे वर्षं शिलेदाराला जे करता आलं नाही ते नाचणीने पाच वर्षांत केलं, पट्टी बदलून घेतली.

असो. मी स्वतः यातून एक छोटी सवय लावून घेतली आहे. प्रोग्राममध्ये डेटा तपासताना जे कशातच बसत नाही त्याला 'इरेग्युलर' किंवा 'अदर' नावाच्या खान्यात ढकलायचा मोह होतो. तिथे हात थांबवायचा, आणि हे नेमकं कसं आहे ते सांगणारा एखादा शब्द सापडतो का ते बघायचं. नसेल सापडत तर आचाऱ्याचा टार्टही चालेल.